जेड: एक नाव, दोन पाषाण

शहाजहानचा जेडचा मद्यप्याला आणि आज लिलावात कोट्यवधींना जाणारे पाचूसारखे हिरवे जेडचे कंकण. दोहोंचे नाव एक, पाषाण मात्र दोन. हा भेद फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सिस दामूर यांनी १८६३ मध्ये रासायनिक पृथक्करणाने सिद्ध केला.

प्याला नेफ्राइटचा. या पाषाणात कॅल्शियम व मॅग्नेशियम असते आणि त्याचे सूक्ष्म तंतू नमद्यासारखे परस्परांत गुंतलेले असतात. म्हणून तो सहसा फुटत नाही. कंकण जेडाइटचे. त्यात सोडियम व ॲल्युमिनियम. वजनाला अधिक जड, किंचित अधिक कठीण. तो झळझळीत हिरवा रंग येतो क्रोमियमच्या अंशामुळे.

नावांचा घोळ तर याहून गमतीचा. सोळाव्या शतकात मेक्सिकोत स्पॅनिशांना एक हिरवा दगड आढळला. कुशीतल्या वेदनेवर उतारा म्हणून त्यांनी त्याला ‘कुशीचा दगड’ म्हटले. त्यातील ‘इहादा’ या शब्दापासून ‘जेड’ आले. लॅटिनमध्ये तोच ‘मूत्रपिंडाचा दगड’ झाला आणि त्यातून ‘नेफ्राइट’ निघाले. पण माया लोकांचे प्रसिद्ध जेड हे जेडाइट होते! बारसे एकाचे झाले, नाव दुसऱ्याला चिकटले.

मुघलांकडे नेफ्राइट येई ते मध्य आशियातील खोतानकडून. छिन्नीला तो दाद देत नाही. त्याहून कठीण खड्यांच्या भुकटीने तासन्‌तास घासूनच त्याला आकार द्यावा लागतो. कारागीर त्यात खोबण्या कोरीत, कुंदन पद्धतीने शुद्ध सोने दाबून बसवीत आणि माणिक-पाचू जडवीत. हृदयाची धडधड शमावी म्हणून गळ्यात घालायचे जेडचे पदक, ‘हौलदिली’, हेही याच पाषाणाचे. शहाजहानचा १६५७ चा तो प्याला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे: तळाशी कमळ, मुठीला बोकडाचे मस्तक.

चीनमध्येही सहस्रावधी वर्षे ‘यू’ म्हणजे प्रामुख्याने नेफ्राइटच. त्यामुळे चित्रपटातील हान काळची राणी पाचूच्या रंगाचे कंकण मिरवू लागली, की खुशाल शंका घ्यावी. ब्रह्मदेशचे जेडाइट तिथे विपुल येऊ लागले ते अठराव्या शतकात, हिंदुस्थानी जेडवर कविता रचणाऱ्या छियानलोंग सम्राटाच्या काळात. त्याच्याच दरबारातील विद्वान जी युन याने नोंदवले आहे, की त्याच्या लहानपणी युनानमार्गे येणाऱ्या या हिरव्या दगडाला कोणी खरे जेड मानीत नसे. आणि त्याच्या म्हातारपणी त्याची किंमत खऱ्या जेडच्या कितीतरी वर गेली होती.