मन्स्टर प्रांतिक ज्येष्ठ गेलिक फुटबॉल स्पर्धा, २०२०

आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात केरी, कॉर्क, टिपररी, लिमरिक, क्लेअर व वॉटरफर्ड या सहा परगण्यांच्या (काउंटींच्या) संघांमध्ये १८८८ पासून भरत आलेल्या स्पर्धेचा २०२० सालचा हंगाम. टिपररीने तो जिंकला. १९३५ नंतरचे हे त्या परगण्याचे पहिले व एकंदर दहावे प्रांतिक विजेतेपद होय.

या खेळात प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात आणि चेंडू हाताने झेलण्यास, ठोशाने देण्यास व पायाने मारण्यास मुभा असते. २०२० मध्ये आडव्या दांडीच्या वरून, दोन खांबांमधून गेलेल्या चेंडूस एक गुण व दांडीखालून जाळ्यात गेलेल्यास गोल, म्हणजे तीन गुण, मिळत. नोंद दुहेरी करण्याचा प्रघात आहे : १–१२ म्हणजे एक गोल व बारा गुण, एकूण पंधरा. सर्व खेळाडू हौशी असून सामान्यतः आपल्या गावच्या मंडळाच्या परगण्याकडूनच खेळतात. त्यामुळे लहान परगण्याला बाहेरून खेळाडू विकत आणून आपले बळ वाढविता येत नाही, आणि केरी व कॉर्क यांचे प्रांतावरील वर्चस्व इतके दीर्घ का टिकले, याचा उलगडा बऱ्याच अंशी या एका नियमाने होतो. १९३६ पासून २०१९ पर्यंत या दोन परगण्यांबाहेर हे पद केवळ एकदाच, १९९२ मध्ये क्लेअरकडे, गेले होते. २०२० च्या प्रारंभी केरी सलग सात वर्षे विजेता होता व आदल्या वर्षी देशव्यापी अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता.

हंगामाचे स्वरूप : कोविड महासाथीमुळे मार्च महिन्यात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने सर्व खेळ तहकूब केले, आणि परगण्यांच्या स्पर्धांना ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत मुहूर्त लाभला नाही. उन्हाळ्यात, भरगच्च प्रेक्षागारांपुढे व्हायची ही स्पर्धा अशा रीतीने शिशिराच्या उंबरठ्यावर, जड झालेल्या मैदानांवर व प्रेक्षकांवाचून खेळली गेली. मुदत अपुरी असल्याने पराभूत संघास दुसरी संधी देणारी मागील वर्षांची तजवीज रद्द करून एका पराभवात बाद हा जुना कायदा पुन्हा अंमलात आला. शिवाय सोडतीत केरी व कॉर्क एकाच अर्ध्यात आल्याने त्यांतील एकच अंतिम सामन्यास पोहोचणे शक्य होते. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्यावाचून पुढील निकालांचा अर्थ लागत नाही.

उपांत्यपूर्व फेरी : टिपररीने क्लेअरला व लिमरिकने वॉटरफर्डला हरविले.

उपांत्य फेरी : कॉर्क शहरातील पार्क ई कीव या मैदानावर ८ नोव्हेंबर रोजी झालेला कॉर्क–केरी सामना हा या हंगामाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग होय. केरी त्याच शरदात राष्ट्रीय साखळीच्या पहिल्या वर्गाचा विजेता ठरलेला, तर कॉर्क तिसऱ्या वर्गात खेळणारा. त्यामुळे निकाल ठरल्यासारखाच मानला जात होता. नियमित वेळेत बरोबरी झाली. जादा वेळेच्या अगदी अखेरच्या क्षणी केरी एका गुणाने पुढे असताना कॉर्कच्या ल्यूक कॉनली याने दुरून उंच मारलेला चेंडू खांबांपर्यंत न पोहोचता गोलासमोर उतरला, आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील कॉलिंगवुड संघाचा, त्या काळात मायदेशी असलेला तरुण खेळाडू मार्क कीन याने तो गर्दीत झेलून जाळ्यात धाडला. कॉर्क १–१२, केरी ०–१३. कॉनलीचा इरादा बरोबरीचा गुण मिळविण्याचाच असावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. रिकाम्या प्रेक्षागारात केवळ खेळाडूंचाच जल्लोष घुमला.

दुसरा उपांत्य सामना लिमरिक येथे झाला. पराभवाच्या छायेत असलेल्या टिपररीस कर्णधार कॉनर स्वीनी याने बाजूच्या रेषेवरून मारलेल्या अवघड लाथेने बरोबरी मिळवून दिली व जादा वेळेत तो संघ निसटता विजयी झाला. प्रस्तुत नोंदकाराच्या मते कौशल्याच्या दृष्टीने ही लाथ कीनच्या गोलाहून कमी मोलाची नव्हती, मात्र तिला तेवढी प्रसिद्धी लाभली नाही.

अंतिम सामना व शताब्दी : अंतिम सामना २२ नोव्हेंबर रोजी पार्क ई कीव येथे झाला. आदल्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, ‘रक्तरंजित रविवार’ या नावाने आयर्लंडच्या इतिहासात नोंदल्या गेलेल्या हत्याकांडास शंभर वर्षे पूर्ण झाली होती. १९२० मध्ये त्या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर टिपररी व डब्लिन यांचा सामना चालू असताना ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र दलांनी जमावावर गोळीबार केला आणि चौदा जण मृत्यू पावले. त्यांत ग्रेंजमॉकलर गावचा टिपररीचा खेळाडू मायकेल होगन हाही होता. क्रोक पार्कमधील एका प्रेक्षागारास त्याचेच नाव आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत लांबलेली त्या १९२० सालची अखिल आयर्लंड स्पर्धा अखेर जून १९२२ मध्ये टिपररीनेच जिंकली.

त्या हत्याकांडाच्या स्मरणार्थ टिपररीचे खेळाडू आपला नेहमीचा निळा व सोनेरी पोशाख बाजूस ठेवून होगनच्या काळातील धर्तीचा पांढरा व हिरवा सदरा घालून उतरले. व्यवस्थापक डेव्हिड पॉवर यांच्या संघात सिडनी स्वान्स या व्यावसायिक संघाची अनुमती मिळालेला कॉलिन ओरिअर्डन अनेक वर्षांनी परतला होता. गुण मिळविण्यात स्वीनी व मायकेल क्विनलिव्हन यांचा वाटा मोठा होता. टिपररी ०–१७, कॉर्क ०–१४. पंचाऐंशी वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातही टिपररीचा प्रतिस्पर्धी कॉर्कच होता. असोसिएशनची स्थापना १८८४ मध्ये ज्या थर्लस गावी झाली ते याच परगण्यातील. परंतु तेथे हर्लिंग या दुसऱ्या गेलिक खेळाचे प्रेम इतके की फुटबॉलपटूंना पिढ्यान्‌पिढ्या दुय्यम स्थान मिळाले. केरीशी गाठ न पडता हे पद मिळाले, हा आक्षेप म्हणूनच प्रस्तुत नोंदकारास गौण वाटतो.

पुढील वाटचाल : त्याच दिवशी अल्स्टर प्रांतात कॅव्हनने डोनेगलचा पराभव केला, आणि अखिल आयर्लंड उपांत्य फेरीत डब्लिन, मेयो, कॅव्हन व टिपररी हे १९२० चेच चार परगणे पुन्हा एकत्र आले. ६ डिसेंबरला मेयोने टिपररीला ५–२० विरुद्ध ३–१३ असे हरविले. स्वीनीची वर्षाच्या ऑल स्टार संघात निवड झाली. २०२१ मध्ये मन्स्टरचे पद पुन्हा केरीकडे गेले.