'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे शो बघून खेळ शिकता येतो का? काय उचलायचं, काय सोडायचं?

सात-आठ माणसं एका टेबलाभोवती बसली आहेत. समोर कागद, पेन्सिली आणि रंगीत फासे. एक जण गोष्ट सांगतोय आणि बाकीचे 'मी दार ढकलते', 'मी त्या ड्रॅगनशी बोलून बघतो' असं म्हणतायत. मधूनच कुणीतरी फासा टाकतं आणि सगळे ओरडतात. तीन-तीन तास हेच चालतं. अशी एखादी क्लिप तुमच्या फीडमध्ये येऊन गेली असेल, तर तुम्ही 'अ‍ॅक्चुअल प्ले' पाहिलाय.

हे शो बघून अनेक जण टेबलटॉप रोलप्लेइंग गेमकडे वळतात. त्यातल्या काहींचा पहिल्याच खेळात हिरमोड होतो, कारण स्क्रीनवर दिसलं तसं घरी काहीच घडत नाही. मग हे शो शिकायला उपयोगी आहेत की नाहीत? आहेत. फक्त त्यातला खेळ कुठला आणि कार्यक्रम कुठला, हे ओळखता आलं पाहिजे.

हा खेळ नेमका असतो काय?

या प्रकारातला सगळ्यांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', थोडक्यात 'डी अँड डी'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली मुलं खेळतात तो हाच.

यात एक जण 'डंजन मास्टर', म्हणजे डीएम असतो. तो जगाचं वर्णन करतो आणि खेळाडूंना भेटणारी सगळी माणसं, राक्षस, दुकानदार स्वतःच वठवतो. बाकी प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. खेळाडू काय करायचं ते सांगतो. काम अवघड असेल, तर २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की काम फत्ते.

समजा, दरी उडी मारून ओलांडायची आहे. डीएमने १५ हा आकडा ठरवला आणि तुमच्या पात्राचे ३ गुण आहेत. म्हणजे फाशावर १२ किंवा त्याहून जास्त यायला हवेत. २० पैकी ९ आकडे तुमच्या बाजूने, म्हणजे शक्यता ४५ टक्के. टेबलाभोवती सगळे श्वास रोखून का बसतात, ते इथे कळतं. पुढे काय होणार, हे डीएमलाही माहीत नसतं.

हे शो आले कुठून?

दुसऱ्यांचा खेळ चवीने वाचायची सवय इंटरनेटच्या आधीची आहे. जपानमध्ये १९८६ पासून 'कॉम्प्टिक' या मासिकात एका डी अँड डी खेळाचे संवाद छापून येत होते. त्यातूनच 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही प्रसिद्ध मालिका जन्माला आली. इंग्रजीत २००८ मध्ये 'अ‍ॅक्विझिशन्स इन्कॉर्पोरेटेड' आणि २०१४ मध्ये मॅकेलरॉय भाऊ आणि त्यांच्या वडिलांचं 'द अ‍ॅडव्हेंचर झोन' हे पॉडकास्ट आले.

खरी लाट आणली ती 'क्रिटिकल रोल'ने. मॅट मर्सर डीएम आणि त्याचे व्हॉइस अ‍ॅक्टर मित्र खेळाडू, असा हा शो मार्च २०१५ मध्ये ट्विचवर सुरू झाला. २०१९ मध्ये त्यांनी अ‍ॅनिमेशनसाठी चाहत्यांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. जमले १ कोटी १३ लाखांहून जास्त. त्यातून 'द लेजंड ऑफ व्हॉक्स माकिना' ही मालिका बनली आणि ती २०२२ मध्ये प्राइम व्हिडिओवर आली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'डायमेन्शन २०'ने वेगळी वाट धरली. ब्रेनन ली मलिगन डीएम, विनोदी कलाकार खेळाडू, छोटे सीझन आणि नीट एडिट केलेले एपिसोड. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा शो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला.

'मॅट मर्सर इफेक्ट' म्हणजे काय?

नवे खेळाडू शो बघून येतात आणि आपल्या डीएमकडून मर्सरसारखे आवाज, तशीच वर्णनं, तसाच नाट्यमय शेवट मागतात. डीएम असतो कॉलेजात शिकणारा किंवा ऑफिस करून आलेला मित्र. तो दडपणाखाली येतो, खेळाडू कंटाळतात आणि ग्रुप मोडतो. यालाच चाहत्यांनी 'मॅट मर्सर इफेक्ट' असं नाव दिलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'क्रिटिकल रोल'ची मंडळी आवाजावर पोट भरणारी आहेत आणि कॅमेरा सुरू होण्याआधी ती जवळपास दोन वर्षं घरीच खेळत होती. आपण पाहिलेला पहिला एपिसोड त्यांचा पहिला खेळ नव्हताच. तेही नियम चुकतात, वही चाळतात, मंत्र विसरतात. पण क्लिप त्या मिनिटांची बनत नाही.

बघणाऱ्यांचा त्रास दुसऱ्या बाजूनेही होतो. पहिल्या मोहिमेत केलेथ हे पात्र खेळणाऱ्या मरीशा रे हिच्यावर तिच्या खेळातल्या निर्णयांवरून ऑनलाइन बरीच बोचरी टीका झाली. टेबलावर दोन सेकंदांत घेतलेला निर्णय आणि घरी पॉज करून काढलेली चूक, यांची तुलनाच होत नाही. कमेंट करण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.

शिकायचंच असेल, तर कसं बघायचं?

पूर्ण मोहीम बघायच्या नादी लागू नका. 'क्रिटिकल रोल'ची पहिली मोहीमच ११५ एपिसोडची आहे. अर्धा तास निवडा आणि या चार गोष्टी बघा.

१. फासा कधी पडतो? साध्या कामाला डीएम नुसतं 'झालं' म्हणतो. अपयश आलं तर गोष्टीत काही बदलणार असेल, तेव्हाच फासा मागतो.

२. फासा फसल्यावर काय होतं? चांगला डीएम गोष्ट अडवत नाही. कुलूप उघडत नाही, पण आवाजाने पहारेकरी जागा होतो. खेळ पुढेच जातो.

३. कोण कुणाला प्रश्न विचारतं? चांगला खेळाडू गप्प बसलेल्या मित्राच्या पात्राकडे वळतो आणि 'तुला काय वाटतं?' असं विचारतो. आवाज बदलण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे.

४. डीएम सूत्रं कधी सोडतो? शत्रू पडला की मर्सर खेळाडूलाच विचारतो, हे कसं करायचंय ते तू सांग. वर्णनाचा मान खेळाडूला मिळतो.

एक सोपा सराव करून बघा. खेळाडूने काही विचारलं की व्हिडिओ थांबवा, डीएम म्हणून तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते मोठ्याने बोला आणि मग पुढे बघा.

शोमध्ये सहसा न दिसणारी गोष्ट

खेळाआधीची बैठक, म्हणजे 'सेशन झीरो'. गोष्ट विनोदी की भीतीदायक, किती वेळ खेळायचं आणि कुठले विषय नकोत, हे तिथे ठरतं. अनेक ग्रुप टेबलावर 'एक्स कार्ड'ही ठेवतात. जॉन स्टाव्रोपोलस यांची ही कल्पना. कुणालाही एखादा प्रसंग नकोसा झाला, तर कार्डाला हात लावायचा आणि तो प्रसंग गाळायचा. कारण विचारायचं नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळणार असाल, तर ही सोय आधीच करून ठेवा.

सुरुवात कशी कराल?

डी अँड डीचे मूलभूत नियम ऑनलाइन मोफत मिळतात. फासे नसतील तर मोबाइलवरचा फासाही चालतो. तीन-चार मित्र, एकाच बैठकीत संपणारी छोटी गोष्ट आणि दोन-तीन तास एवढं पुरेसं आहे. शो इंग्रजीत असले, तरी खेळ मराठीत खेळायला काहीच आडकाठी नाही. शेवटी हा बोलण्याचाच खेळ आहे आणि भांडखोर दुकानदाराचं सोंग तुम्हाला मराठीतच जास्त चांगलं जमेल.

पहिला खेळ अडखळतच होईल. नियम शोधण्यात दहा मिनिटं जातील, कुणीतरी मध्येच चहा मागेल. तरीही उठताना कुणी 'पुढच्या रविवारी?' असं विचारलं, तर तुमचा खेळ जमला असं समजा.