वऱ्हाडातला निखारा आणि कढई

भजी न तळता भाजून घेतली असं सांगितलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "घरात कोणी आजारी आहे का?" अमरावती-अकोल्याकडे पावसाची सर आली की कढई चढलीच पाहिजे. भाजलेला पदार्थ म्हणजे एक तर पथ्याचा, नाही तर शहरातल्या ओव्हनवाल्यांचा, असं आपण धरून चालतो. पण मागे वळून पाहिलं तर वेगळंच दिसतं. वऱ्हाडात निखारा जुना आहे, आणि रोजची कढई ही अलीकडची.

याचा पुरावा आपल्या सणावारांतच आहे. 'आखाड तळणं' हा शब्द घराघरांत माहीत आहे. आषाढात लेकीसुनांसाठी कापण्या, पुऱ्या, वडे तळायचे. ज्या गोष्टीला वर्षातला एक महिना नेमून दिला, ती रोजची कशी असेल? लगेच श्रावणात नागपंचमी येते. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही. पुरणाचे दिंड उकडायचे. मग पोळ्याला पुन्हा वडे. म्हणजे तेलाचा हिशेब पंचांगच ठेवत होतं.

एरवी काय होतं? गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे होते. पळसाच्या पानांत दाबून निखाऱ्यावर ठेवलेले पानगे होते. खानदेशाकडून बुलढाणा-अकोल्यापर्यंत तुरीच्या डाळीचे फुणके होते. भिजवलेली डाळ भरड वाटायची, कांदा-सांबार घालायचा, मुटके करून वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. ही माणसं काही वजन कमी करायला निघाली नव्हती. रोडगा तर तुपात बुडवूनच खायचा! पण तेल जपून वापरावं लागे. जवस, तीळ, करडई घाण्यावर न्यायची आणि बैलाच्या फेऱ्यांनी जेवढं निघेल तेवढ्यात भागवायचं. कढईभर तेल म्हणजे चैन होती.

हे बदललं ते हळूहळू. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात अकोला-बडनेरामार्गे रेल्वे पुढे सरकली आणि 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. पैसा आला, बाजार वाढले, स्टेशनं आली आणि स्टेशनाबरोबर फराळाचे ठेले आले. शेगावची प्रसिद्ध कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबानं 1950 च्या सुमारास रेल्वे स्टेशनावरच सुरू केली. दरम्यान 1937 पासून डालडा बाजारात आला होता. भुईमूग, सरकी आणि पुढे सोयाबीनचं तेल गिरण्यांतून येऊ लागलं. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि तळणाचं तेल गरिबाच्याही आवाक्यात आलं. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. आषाढाची कढई बारमाही झाली ती अशी. तेल स्वस्त झालं, पण ते मोजणारं पंचांग मात्र कोणी पाहिलं नाही.

माझ्या थोरल्या भावाला हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. दुधीची उकडलेली भाजी पुढे आली की तो ताट सरकवायचा. "जगायचं ते हेच खाऊन का?" असं म्हणायचा. तेव्हा वहिनींनी फुणक्याचं सारण घेतलं आणि वाफेऐवजी ओव्हनमध्ये भाजलं. त्या दुपारी त्यानं पुन्हा मागून खाल्लं.

कृती साधी आहे. एक वाटी तुरीची डाळ तीन-चार तास भिजवून, पाणी निथळून भरड वाटायची. पत्ताकोबी आणि गाजर किसून, मीठ लावून घट्ट पिळायचं. मेथी, सांबार, हिरवी मिरची, जिरं, ओवा, तीळ, हळद आणि दोन चमचे ज्वारीचं पीठ घालायचं. मीठ बेतानं, कारण भाजीत आधीच आहे. दोन चमचे तेल मिश्रणातच मळायचं. मग अर्ध्या इंचाच्या चपट्या वड्या थापून, तेलाचा हात फिरवलेल्या ट्रेवर ठेवायच्या. 200 अंशांवर, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये एकदा उलटायच्या.

भाजी पिळायची आणि वड्या चपट्या थापायच्या, यामागे कारण आहे. उकळत्या तेलात पदार्थ चहूबाजूंनी एकदम तापतो, पाणी वाफ होऊन निघतं आणि वरचं कवच लगेच धरतं. गरम हवेला हेच काम करायला वेळ लागतो. गोळा जाड किंवा ओला राहिला तर बाहेरून वाळतो आणि आत कच्चाच राहतो. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजू खरपूस करा. पूर्वी झाकणावरही निखारे ठेवत, म्हणजे वरून-खालून आच लागे. तो आपला जुना ओव्हनच.

चार वड्या, वाटीभर कढी, चिमूटभर ठेचा; दुपारचं हलकं जेवण झालं. खाऊन झोप येत नाही, हा आणखी एक फायदा. आणि भजी? ती हवीतच. पण आषाढात.