धोंडस

धोंडस हे कोकणात पिकलेल्या काकडीपासून केले जाणारे पारंपरिक गोड पक्वान्न आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील घरांमध्ये ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात केले जाते. तांदळाचा रवा, काकडीचा कीस, गूळ व ओले खोबरे एकत्र शिजवून ते भांड्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवून भाजतात. या भाजणीमुळे त्याला ‘काकडीचा केक’ असेही म्हटले जाते. मूळ कृतीत मात्र मैदा, अंडी वा सोडा यांपैकी काहीही नसते, त्यामुळे हे नाव सोयीचे असले तरी फारसे अचूक नाही.

साहित्य

धोंडसासाठी कोशिंबिरीची कोवळी काकडी चालत नाही. कोकणात पावसाळ्यात मांडवावर चढविलेल्या वेलींना मोठ्या काकड्या लागतात. त्यांना तवसे म्हणतात. वेलीवरच पिकून पिवळसर-तपकिरी झालेले तवसे घरात आढ्याला टांगून ठेवण्याची रीत आहे. असे जून तवसे सोलून, आतील बिया व मऊ गर काढून किसतात. कीस पिळून निघालेले पाणी टाकून न देता रवा शिजविण्यासाठी वापरतात. पदार्थाचा निम्मा स्वाद त्या पाण्यात असतो. काकडी कडू निघाल्यास सारा घाट वाया जातो, म्हणून देठाकडची फोड आधी चाखून पाहतात.

तांदूळ धुऊन, वाळवून जाडसर दळतात आणि तो रवा तुपावर खमंग भाजून घेतात. याखेरीज गूळ, खवलेले खोबरे, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ आणि आवडीप्रमाणे काजूचे तुकडे घालतात. हळदीची पाने याच ऋतूत परसात उपलब्ध असतात. ती भांड्याच्या तळाशी अंथरल्याने पदार्थ लागत नाही आणि त्याला विशिष्ट गंध येतो.

भाजणी

कीस, काकडीचे पाणी व गूळ यांना उकळी आल्यावर त्यात रवा घालून वाफ आणतात. मिश्रण जाड बुडाच्या, तूप लावलेल्या भांड्यात थापून मंद आचेवर ठेवतात व झाकणावर निखारे पसरतात. खालची आच रवा पूर्ण शिजविते, तर वरच्या आचेने पृष्ठभाग कोरडा होऊन गुळामुळे तांबूस होतो. वरचा विस्तव नसेल तर जे तयार होते तो केवळ गोड सांजा. चुलीवर हे काम रात्रीच्या उरलेल्या विस्तवावर होत असे आणि सकाळी धोंडस तयार मिळे. आता ओव्हनमध्ये सुमारे १८०° सेल्सिअस तापमानाला पाऊण तास भाजतात. त्यात भाजणी एकसारखी होते, पण धुराचा वास येत नाही.

धोंडस गरम असताना कापल्यास मोडते. थंड झाल्यावर वड्या पाडून तूप, लोणी किंवा नारळाच्या दुधाबरोबर ते खातात. वरची कडा किंचित चिवट व खरपूस, आतला भाग ओलसर आणि दाणेदार असतो. काकडीची चव वेगळी जाणवत नाही, तिचा थंड वास मात्र जाणवतो. दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरते.

सीमेपलीकडील रूप

गोव्यात याच प्रकारच्या पदार्थाला तवसळी म्हणतात. हे नाव काकडीच्या ‘तवशें’ या कोकणी नावावरून आले आहे. दक्षिण कोकणात तवसोळी हा शब्दही प्रचारात आहे. खाली-वर विस्तव ठेवून भाजण्याची पद्धत गोव्याच्या बेबिंक या थरांच्या मिष्टान्नातही दिसते. बेबिंकमध्ये अंड्याचा बलक, मैदा, साखर व नारळाचे दूध असते.

अधिकृत मान्यता

महाराष्ट्राने आंबा, ताम्हण, शेकरू, हरियाल आणि २०१५ पासून नीलवंत फुलपाखरू यांना राज्याची मानचिन्हे ठरविले आहे. मिष्टान्नाला या यादीत स्थान नाही. अमेरिकेतील काही राज्ये मात्र अशी निवड कायद्याने करतात, उदाहरणार्थ मेरीलँडने २००८ मध्ये स्मिथ आयलंड केकला अधिकृत मिष्टान्न ठरविले. भारतात पदार्थाविषयीचा प्रादेशिक अभिमान बहुधा भौगोलिक मानांकनातून व्यक्त होतो. १९९९ चा यासंबंधीचा कायदा २००३ पासून अमलात आहे. रसगुल्ल्याच्या जन्मस्थानाचा वाद गाजल्यानंतर पश्चिम बंगालच्या रसगुल्ल्याला २०१७ मध्ये आणि ओडिशाच्या रसगुल्ल्याला २०१९ मध्ये स्वतंत्र मानांकन मिळाले. बेबिंकला ते २०२३ मध्ये मिळाले.

रत्नागिरीच्या वाट्याला आलेली ठळक मानांकने शेतमालाची आहेत: कोकम (२०१६, सिंधुदुर्गासह) आणि हापूस (२०१८, कोकणातील अन्य जिल्ह्यांसह). धोंडसात बऱ्याचदा पडणाऱ्या कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे. खुद्द धोंडसासारख्या पदार्थाची अडचण निराळी आहे. मानांकनासाठी अर्ज उत्पादकांच्या संघटनेला किंवा त्यांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संस्थेला करावा लागतो, आणि धोंडस प्रामुख्याने घरच्या चुलीवरचे पक्वान्न राहिले आहे. त्याला ठराविक प्रमाण नाही. गुळाचे व खोबऱ्याचे माप घराघरांत बदलते. शिवाय तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर ते होत असल्याने एका जिल्ह्याचा किंवा एका राज्याचा हक्क त्यावर सांगणे कठीण आहे.