दह्यातला एक जिवाणू वेगळा कसा काढला?

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या उचगावात, किंवा आपल्याकडच्या कोणत्याही गावात, रात्री कोमट दुधाला विरजण लागते आणि सकाळी दही तयार असते. दही कशामुळे लागते, असे वर्गात विचारले तर मुले चटकन सांगतात, ‘लॅक्टोबॅसिलसमुळे!’ उत्तर पाठ असते. पण ‘हे कुणाला आणि कसे कळले?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. खरे पाहता हे कळायला विज्ञानाला सुमारे शंभर वर्षे लागली.

१७८० साली कार्ल शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने आंबट दुधातून एक आम्ल वेगळे केले. तेच लॅक्टिक आम्ल. आम्ल हाती आले, पण ते तयार कोण करतो हे ठाऊक नव्हते. लीबिगसारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांचे मत असे, की आंबणे ही केवळ पदार्थांच्या विघटनाची क्रिया आहे. तिला सजीवांची गरज नाही.

१८५७ साली फ्रान्समधील लील येथे लुई पाश्चर यांनी या मताला आव्हान दिले. आंबलेल्या द्रवात त्यांना करड्या रंगाचा एक पदार्थ आढळला. त्यातला किंचित भाग त्यांनी साखर, यीस्टचा अर्क आणि खडूची पूड घातलेल्या ताज्या द्रवात टाकला. तिथेही लॅक्टिक आम्ल तयार झाले आणि करडा पदार्थही वाढला. आपण विरजण लावतो, तसेच हे झाले. मात्र एक शंका उरली. त्या किंचित भागात नाना प्रकारचे जीव असू शकतात. मग आम्ल नेमके कुणी केले?

ही शंका सोडवली ती जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने. शस्त्रक्रियेच्या जखमा जंतूंमुळे चिघळतात, असे ते १८६७ पासून सांगत होते. विरोधक विचारत, ‘जंतू हे चिघळण्याचे कारण कशावरून? परिणाम कशावरून नाही?’ वाद पुस्तकी नव्हता. त्यावर रुग्णांचे प्राण अवलंबून होते. रुग्णाच्या जखमेवर असा प्रयोग करता येणे शक्य नव्हते. म्हणून लिस्टर दुधाकडे वळले.

त्यांची युक्ती साधी होती. आंबलेल्या दुधाच्या थेंबात किती जिवाणू आहेत, याचा अंदाज त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मोजून घेतला. मग उकळलेल्या पाण्याने ते दूध इतके पातळ केले, की एका लहानशा थेंबात सरासरीने एखादाच जिवाणू यावा. असे थेंब मोजून टाकण्यासाठी त्यांनी खास पिचकारी बनवून घेतली होती. निर्जंतुक दुधाच्या पेल्यांत एकेक थेंब टाकला. काही पेले विरजले, काही जसेच्या तसे राहिले. विरजलेल्या पेल्यांत एकाच प्रकारचे जिवाणू होते. विरघळलेले एखादे रसायन दूध आंबवत असते, तर ते प्रत्येक थेंबात सारखेच गेले असते आणि सगळेच पेले विरजले असते! १८७८ साली लिस्टर यांनी हे काम प्रसिद्ध केले. जिवाणूचे शुद्ध संवर्धन मिळवण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

गंमत अशी, की लिस्टर यांचा हा जिवाणू लॅक्टोबॅसिलस नव्हताच. ‘बॅसिलस’ म्हणजे काठीसारखा. हा होता लंबगोल, जोडीने किंवा साखळीने राहणारा. आज त्याला लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतात. घरच्या विरजणात असे अनेक प्रकारचे जिवाणू एकत्र नांदतात.

पुढे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत घट्ट माध्यमावर जिवाणूंच्या वेगवेगळ्या वसाहती वाढवण्याची पद्धत रुळली आणि काम सोपे झाले. आजही आगारमध्ये खडूची पूड मिसळतात. आम्ल करणाऱ्या वसाहतीभोवतीचा खडू विरघळतो आणि स्वच्छ कडे दिसते. शेकडो वसाहतींतून हवी ती अशी निवडता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. तेथील संशोधकांनी उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवण्यासाठीही जिवाणूंची निवड केली आहे. दूध आणि ऊस या दोन्हींवर उभ्या असलेल्या कोल्हापूरला हा विषय परका वाटू नये.

लिस्टर यांचा प्रयोग शाळेतही करता येतो. परीक्षानळ्यांत थोडे थोडे दूध घालून, तोंडाला कापसाचे बोळे लावून त्या प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटे ठेवाव्यात व निववाव्यात. एक मिलिलीटर ताक नऊ मिलिलीटर उकळून निववलेल्या पाण्यात मिसळावे. त्यातले एक मिलिलीटर पुन्हा नऊमध्ये. असे दहा वेळा करावे. प्रत्येक वेळी स्वच्छ, उकळलेली पिचकारी घ्यावी. शेवटच्या चार पायऱ्यांतील एकेक थेंब पाच-पाच नळ्यांत टाकावा आणि दोन दिवस वाट पाहावी. काही नळ्या मात्र काहीही न टाकता ठेवाव्यात. त्या विरजल्या, तर प्रयोग फसला असे समजून पुन्हा करावा. नळ्यांतले दूध कुणी चाखू नये.

एखाद्या पायरीवर पाचांतली एकच नळी विरजली, तर तिथे बहुधा एकच जिवाणू पोहोचला होता. हे मुलांनी स्वतः ताडले, की मग त्याचे नाव सांगावे.