जहाजाच्या कारखान्यातून छातीपर्यंत: टूडी इकोची गोष्ट

घरात कोणाला हार्ट अटॅक आला की फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. इकोचा रिपोर्ट, आणि त्यात लिहिलेलं असतं ‘ईएफ ३५%’. लगेच कोणीतरी विचारतं, “म्हणजे हार्ट फक्त ३५ टक्केच चालतंय?” हा आकडा आला कुठून आणि तो किती मनावर घ्यायचा, हे कळायला आपण थेट स्वीडनला जाऊया.

साल १९५३. लुंड शहरातले हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर एका अडचणीत होते. ऑपरेशनआधी हृदयाची झडप किती खराब झालीय, ते बाहेरून नीट कळायचं नाही. त्यांनी कार्ल हेलमुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. माल्मोच्या कॉकुम्स जहाज कारखान्यात धातूतले दोष शोधायला अल्ट्रासाउंडचं मशीन वापरायचे. हर्ट्झनी तेच स्वतःच्या छातीला लावलं, तर पडद्यावर ठोक्याबरोबर हलणारी खूण दिसली! २९ ऑक्टोबर १९५३ ला दोघांनी हृदयाची हालचाल पहिल्यांदा नोंदवली.

तेव्हा दिसायची फक्त एक नाचती रेघ. सत्तरच्या दशकात हलतं चित्र आलं, तेच आपलं टूडी इको. आता हृदयाची कुठली भिंत आकसते आणि कुठली गप्प बसलीय, हे डोळ्यांनी दिसायला लागलं.

आता ईएफ म्हणजे काय? डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं, ते. निरोगी माणसातसुद्धा हे १०० नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. त्यामुळे ३५ कमी आहे हे खरं, पण ते शंभरपैकी ३५ मार्क नाहीत. १९८० च्या दशकातल्या अभ्यासांनी दाखवलं, की अटॅकनंतर ईएफ ४० च्या खाली असेल तर धोका वाढतो.

पण इथेच गोष्टीला वळण मिळतं. १९७५ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की रक्तपुरवठा काही मिनिटं थांबवून पुन्हा सुरू केला, तरी स्नायू कित्येक तास ढिला राहतो. मेलेला नसतो, बधिर झालेला असतो. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी याला ‘स्टन्ड मायोकार्डियम’ असं नाव दिलं. म्हणजे पहिल्या दिवशीच्या इकोत मेलेला स्नायू आणि बधिर स्नायू दोघंही सारखेच गप्प दिसतात.

मग ओळखायचं कसं? नव्वदच्या दशकात डॉक्टर डोब्युटामीन हे औषध अगदी कमी डोसमध्ये देऊन इको करू लागले. बधिर स्नायू औषधाने हलतो, मेलेला हलत नाही. जो हलला, तो सुधारण्याची आशा जास्त.

म्हणूनच छातीत आयसीडी बसवायचं की नाही, हे ठरवण्याआधी अटॅकनंतर साधारण किमान ४० दिवस थांबतात आणि इको पुन्हा करतात. त्या काळात रक्तवाहिनी उघडलेली असते, औषधं चालू असतात आणि बधिर स्नायूला जागं व्हायला वेळ मिळतो.

मला या सगळ्यातून एवढंच पटतं: पहिला आकडा म्हणजे निकाल नाही. पण तो बघून ‘आता काय उपयोग’ म्हणत गोळ्या सोडल्या, किंवा ‘बरं वाटतंय’ म्हणून दुसरं इको टाळलं, तर मात्र नुकसान आपलंच. पुढच्या वेळी ग्रुपवर तो फोटो आला, की आधी तारीख बघा. आणि विचारा, “पुढचा इको कधी आहे?”

भेटू पुढच्या भागात!