चांदीचा रवा

छंद म्हणून चांदीकाम सुरू करणाऱ्याला पहिल्या दिवशी अंगठी करायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. आधी रवे पाडावेत. चांदीच्या तारेचे कात्रीने बारीक तुकडे करायचे, कोळशावर सुटे सुटे मांडायचे आणि वरून ज्योत धरायची. तुकडा लाल होतो, कडा आत ओढल्या जातात आणि बघता बघता तो गोल गोळी होऊन जागच्या जागी थरथरतो. साचा लागत नाही, हातोडाही लागत नाही. वितळलेल्या चांदीचा पृष्ठताण एवढा जबर, की इतक्या छोट्या थेंबाला त्याचं स्वतःचं वजनही चपटं करू शकत नाही.

रवा पाडणं इतकं सोपं. तो पत्र्यावर बसवणं मात्र शतकानुशतकांचं कोडं होऊन बसलं होतं.

इराकमधल्या उरच्या राजथडग्यांत, म्हणजे इ.स.पू. 2500च्या सुमारास, सोन्यावर रव्यांचं काम दिसतं. त्याची पराकाष्ठा केली ती इटलीतल्या एट्रुस्कन सोनारांनी, इ.स.पू. सातव्या शतकात. त्यांचे काही रवे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही बारीक आहेत. नुसत्या डोळ्यांना सोन्यावर धूळ बसल्यासारखी वाटते. भिंगातून पाहिलं की प्रत्येक कण वेगळा उभा असतो.

1836 साली चेर्वेतेरी इथं रेगोलिनी-गलास्सी थडगं उघडलं आणि त्यातलं सोनं पाहून युरोपचे सोनार चक्रावले. रोममध्ये फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी आणि त्यांच्या मुलांनी या कामाचा ध्यास घेतला. मार्के प्रांतातल्या सांत'आंजेलो इन वादो या आडगावात जुनी हातोटी टिकून आहे असं कळल्यावर त्यांनी तिथले कारागीर रोमला आणले. निरनिराळे डाख वापरून पाहिले, टाकणखार बाजूला ठेवून आर्सेनिकचे क्षार घेतले. काम देखणं झालं, पण एट्रुस्कन बारकावा काही साधला नाही. कारण डाख वितळला की तो दोन रव्यांमधल्या फटीत धावतो, फट बुजते आणि रव्याचा गोलवा जातो. कास्तेल्लानींच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे. पण ते चांगला डाख शोधत राहिले आणि या कामाला डाख लागतच नव्हता.

खरं तर उत्तर छापील पुस्तकात पडून होतं. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकातल्या आपल्या ग्रंथाच्या 33व्या खंडात सोनारांचा एक लेप सांगतो: तांब्याचा हिरवा गंज, लहान मुलाचं मूत्र आणि खार, हे सगळं तांब्याच्या खलात खलायचं. विद्वानांनी ते वाचलं होतं. भट्टीपाशी बसून ताडून पाहिलं ते 1930च्या दशकात एच. ए. पी. लिटलडेल या इंग्रजाने. तांब्याचा क्षार आणि डिंक यांनी त्याने रवे चिकटवले. सुमारे 100 अंशांना क्षाराचं काळं ऑक्साइड होतं, 600ला डिंक जळून कोळसा होतो, 850ला तो कोळसा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे उरतो शुद्ध तांब्याचा पापुद्रा. 890च्या आसपास तो सोन्यात मुरतो. सांधा जुळतो, तोही फक्त रवा जिथं टेकला आहे तेवढ्याच जागी.

आपल्याकडचं काम याहून वेगळ्या वाटेने टिकलं. तक्षशिलेतल्या सिरकपला जॉन मार्शल यांना मिळालेल्या दागिन्यांवर रवे आहेत आणि गुजरातमध्ये सोनार रव्याचं काम आजही करतात. रवे किंवा तारा जागेवर ठरवायला भारतीय कारागीर गुंज वाटून तिचा चिकट लेप लावत आले आहेत. ज्या गुंजेने सोनं तोलायचं, तीच चिकटवायलाही. नवख्याने मात्र साधा डिंकच घ्यावा. वाटलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतते.

घरी करायचं तर चांदी सोन्याहून सोयीची. शुद्ध चांदी 961 अंशांना वितळते, पण 72 टक्के चांदी आणि 28 टक्के तांबं असं मिश्रण 779लाच पाणी होतं. सगळा खेळ या फरकावर आहे. पत्रा स्वच्छ घासायचा, पातळ डिंकात तांब्याचा क्षार कालवायचा, ओल्या कुंचल्याने एकेक रवा उचलून जागेवर ठेवायचा. मग वाळू द्यायचं, अगदी कोरडं. ओल राहिली तर वाफेने रवे उडतात. खोली अंधारी ठेवावी, म्हणजे धातूचा रंग कळतो. खिडकी उघडी हवी. ज्योत आधी पत्र्याभोवती फिरवायची, थेट रव्यांवर धरायची नाही. पत्रा लालबुंद झाला की रव्यांच्या बुडाशी एकाएकी ओली चकाकी सरकून जाते. त्याच क्षणी ज्योत काढायची. आणखी दोन सेकंद रेंगाळलात तर रवे पत्र्यात बुडून जातात आणि घाईत आधीच काढलीत तर ते नुसते टेकलेले राहतात.

गार झालं की सुईच्या टोकाने प्रत्येक रवा बाजूला ढकलून पाहावा. जो हलेल त्याच्या बुडाशी पुन्हा लेप, आणि पुन्हा ज्योत.